रावणाच्या मानेची मोटर

लातुरात घरी मासे पाळणं हा गुन्हा नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तो लिहिलेला असतो. पाहुणा अंगणात येतो, हौदात डोकावतो, हातभर लांबीचे तांबडे-पांढरे मासे बघतो, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो, "पाणी कुठून आणता?" ज्या शहराला एके काळी आगगाडीनं पाणी आलं, त्या शहरात हा प्रश्न रास्तच आहे. मी रागावत नाही. "एकदाच आणलं," म्हणते, "तेच फिरतंय."

हौद आमच्या यजमानांनी बांधला. आगगाडीच्या त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी पाण्याची अशी धास्ती घेतली की निम्मं अंगण खोदून सिमेंटचा हौद केला. पुढं पाऊस बरे झाले, नळ आठवड्यातून का होईना पण येऊ लागले, आणि हौद भरून ठेवायचं कारण उरलं नाही. मग यजमानही गेले. कोरडा हौद अंगणात तोंड उघडून पडला होता. त्याच सुमारास नांदेडच्या एका बंगल्यातून मासे काढून टाकायचे आहेत असं कानावर आलं. त्या घरमालकाला एका वास्तुतज्ज्ञानं सांगितलं होतं की ईशान्येला जपानी मासे ठेवा, भरभराट होईल. दुसऱ्या वास्तुतज्ज्ञानं सांगितलं की त्यांच्यामुळेच ती अडली आहे. मासे तेच, दिशा तीच, फक्त तज्ज्ञ बदलला. मी मासे आणले, आणि त्यांच्याबरोबर पाणी गाळायचं यंत्रही, कारण मालकाला ते डोळ्यांसमोर नको होतं.

यंत्र साधं आहे. आडवं ठेवलेलं एक पिंप, त्याला चारी बाजूंनी बारीक जाळी. हौदातलं घाण पाणी पिंपात शिरतं, जाळीतून गाळून बाहेर पडतं. जाळी तुंबली की पलीकडची पातळी उतरते, तरंगता गोळा खाली येतो, एक छोटी मोटर सुरू होते, पिंप सावकाश फिरतं आणि वरचा फवारा जाळी धुऊन काढतो. धुवण पन्हळीतून केळीच्या आळ्यात जातं. उन्हानं उडालेलं आणि केळीनं प्यायलेलं पाणी भरून काढायला रोज नळाचे दोन हंडे पुरतात, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून एक रात्र उघडे ठेवलेले. ते माझ्याच वाट्याचे. मी एकटी राहते, तेवढं मला वाचवता येतं.

हे सगळं मी एकदा जेवणाच्या पंगतीत समजावून सांगितलं होतं. भाऊजींच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या, नव्या गाडीची पूजा होती. भाऊजी बांधकामाची कंत्राटं घेतात आणि त्यांच्या कोणत्याही वस्तूची पूजा मांडव घालून होते. पंगतीत शंभरेक माणसं. भाऊजी वाढता वाढता मोठ्यानं म्हणाले, "गाव तहानलेलं हाय आन् आमच्या वैनी माशांना पोहायला शिकवायल्यात." लोक हसले. मीही हसले, आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "ज्या दिवशी या माशांसाठी टँकर मागवावा लागेल, त्या दिवशी सगळे मासे तुम्हाला देऊन टाकीन. आणि हौद बुजवीन." कुणीतरी भात मागितला. माझं वाक्य मात्र तिथंच राहिलं. पंगतीत बोललेलं आमच्याकडं कागदावर लिहिलेल्याहून जास्त टिकतं.

मी नोकरीत असताना सरकारी कचेरीत आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे. त्यातली काही कामं झाली, काही कागदावर राहिली. कोनशिला मात्र सगळ्यांच्या बसल्या. त्यामुळं समारंभ म्हटला की मी आधी मागं काय बांधलंय ते बघते. सवय आहे.

तर या उन्हाळ्यात ती छोटी मोटर गेली. गोळा खाली आला, फवारा सुटला, पण पिंप जागचं हललं नाही. उघडून बघितलं तर आतलं रबर झिजून पाणी शिरलेलं, दाते गंजून एकमेकांना चिकटलेले. जिथून मूळ यंत्र आलं त्या दुकानाला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, सुटी मोटर मिळत नाही, पूर्ण यंत्र बदलून घ्या, आणि तेही सध्या शिल्लक नाही. मी त्याला विचारलं की बैलाचा नाल पडला तर ते बैल बदलतात का. तो म्हणाला, मॅडम, बैल आमच्याकडं नाहीत.

मग मी पिंप हातानं फिरवू लागले. पाट घेऊन हौदाकाठी बसायचं, एका हातानं पिंपाची कड ओढायची, दुसऱ्या हातानं फवाऱ्याची तोटी सोडायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मधे आठवण येईल तेव्हा. काम जड नव्हतं, पण सोडून कुठं जाता येत नव्हतं. उन्हाळ्यात घाण लवकर धरते. एखादी फेरी चुकली की पाणी चहाच्या रंगाला जायचं आणि मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायचे. मी न बोलता फिरवत राहिले. बोलले असते तर गल्लीभर झालं असतं. ते तसंही झालंच.

पहिला आला तो बोअरच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देणारा. आमच्याकडं प्रत्येक घरात बोअर, प्रत्येक बोअरला मोटर आणि प्रत्येक माणसाला मोटरीतलं कळतं. सगळ्यांचं ज्ञान एकाच दिशेला जातं: एचपी वाढवा. हजार फुटांवरून पाणी ओढायची सवय झालेल्या मुलखात दुसरा विचार सुचतच नाही. त्यानं माझी मोटर तळहातावर घेऊन जोखली, कांद्यासारखी.

"काकू, ही काय मोटर हाय का? दम न्हाई हिच्यात."

"दम नकोच आहे. सावकाश फिरायला पाहिजे."

"सावकाश फिरायला मोटर कशाला लागती? ते तर आपलं आपण व्हतंय." त्याला या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. "अर्धा एचपीची टाकतो. भिंगरी होती का न्हाई बघा."

मी नको म्हणेपर्यंत त्यानं पट्टा चढवला होता. त्याला वाटलं बाईमाणूस घाबरतंय. बटण दाबलं. पिंप खरंच भिंगरी झालं, आणि जाळीवरचा सगळा चिखल पन्हळ सोडून त्याच्या सदऱ्यावर, माझ्या चष्म्यावर आणि समोरच्या भिंतीवर बसला. मी वायर ओढली. भिंतीवर अर्धगोल उमटला होता, उगवत्या सूर्यासारखा. तो सदरा झटकत म्हणाला, "पर दम बघितला का?" तो डाग मी अजून धुतलेला नाही.

दुसरे आले भाऊजी. ते एकटे कधी येत नाहीत, मागं दोघं फोन धरून उभे असतात. पण त्या दिवशी एकटे आले, म्हणजे काम होतं. मी पिंप फिरवत होते तिथंच अंगणात खुर्ची ओढून बसले.

"वैनी, या वयात कशाला हो ही झंझट?"

"कोणत्या वयात करायची असते?"

"मी काय म्हणतो, आपलं लग्नाचं लॉन्स उघडायलोय नांदेड रोडला. मधोमध कारंजं हाय, लाइटिंगचं. मासे तिथं सोडू. लोक बघतेल, फोटो काढतेल, तुमचं नाव घेतेल."

कारंजं मी पाहिलं होतं. ढोपरभर पाणी, निळ्या फरशा, खालून सात रंगांचे दिवे, आणि पाण्यात जंतुनाशक पावडर, वास येऊ नये म्हणून. त्यात मासे आठवडाही जगले नसते. लग्नाला आलेल्यांनी वरून जिलबी टाकली असती ती वेगळीच.

"मासे राहतील इथंच," मी म्हणाले.

भाऊजींनी खिशातून एक पत्रिका काढली. जाड कागद, सोनेरी कडा. वर त्यांचा फोटो, त्याच्या वर मोठ्या पाहुण्यांचा मोठा फोटो, आणि खाली आकर्षणांमध्ये फिरतं व्यासपीठ, वातानुकूलित वधूकक्ष आणि 'जपानी मत्स्य कारंजे'.

"वाटून झाल्या?"

"हाव. चार तालुक्यांत." ते थोडे ओशाळले, पण पटकन सावरले. "तुमचाच शब्द हाय वैनी. टँकर लागला की मासे माझे. मोटर गेली म्हणत्यात लोक, पाणी सडायलंय. टँकर लागणारच की. म्हनून म्हनलं आधीच छापून टाकावं."

आता मला सगळं स्पष्ट झालं. त्यांनी वाट बघायचीही तसदी घेतली नव्हती. माझी हार छापून, सोनेरी कड लावून, चार तालुक्यांत वाटून झाली होती. मी तोटी सोडली, पिंप ओढलं आणि म्हणाले, "चहा घेऊन जा."

त्या रात्री, झोप लागत नव्हती म्हणून नव्हे तर गरमी होत होती म्हणून, मी जुन्या मोटरचं चित्र काढलं. आरेखकाला विचार करायचा तर पेन्सिल लागते. मला काय पाहिजे होतं? जोर जास्त, वेग कमी, पाण्याच्या शिंतोड्यांची सवय. असं आमच्या मुलखात सावकाश काय फिरतं? सरकारी कागद सोडून. मग आठवलं: गणपतीतले देखावे. बाप्पाचा हात वर जातो, मागचं चक्र फिरतं, राक्षस मान हलवतो. सगळं कसं रुबाबात, सावकाश. आणि उन्हाळ्यात त्या सगळ्या मोटरी कुणाच्या तरी पत्र्याखाली रिकाम्या पडलेल्या असणार.

असा माणूस नांदेडात आहे असं कळलं. पहाटे पिंप फिरवलं, एसटी पकडली. त्याचं मूळ काम गाड्यांची वायरिंग. देखावे ही त्याची कला, आणि हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत मला तीनदा सांगितलं. शेडमध्ये कापडात गुंडाळलेले देव, एक हत्तीची सोंड, खिळ्याला टांगलेले हात.

"कोणतं मंडळ, मॅडम?"

"मंडळ नाही. मासे आहेत."

"म्हणजे मत्स्यावतार. करू की. शेपटी हलवायची का तोंड?"

"खरे मासे आहेत. ते आपले आपण हलतात."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याच्या धंद्याचा अपमान केला आहे. मी चित्र पुढं केलं, पिंपाचं मोठं दातेरी कडं, मोटरीचं छोटं चाक. त्याला चित्रात रस नव्हता. त्यानं एका खोक्यातून काळी, तेलकट मोटर काढून माझ्या पुढं ठेवली, दागिना ठेवावा तशी.

"ही जीपच्या वायपरची. प्रचाराची जीप होती, मोडीत निघाली. मग ही माझ्याकडं. तीन हंगाम रावणाची मान हलवली हिनं, दहा तोंडं एकदम. नेता थकला, रावण थकला, ही थकली न्हाई. आहिस्ता फिरती, पर हात लावून थांबवून दाखवा."

मी चाक धरून बघितलं. थांबलं नाही. वायपरच्या मोटरीच्या पोटात मळसूत्री दाता असतो. तो वेग कमी करतो आणि त्याच्या बदल्यात जोर देतो. शिवाय बारा व्होल्टवर चालते, म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. वीज गेली तरी फिरणार. मी इतकी वर्षं मोठ्या योजनांचे नकाशे काढले, पण इतकी नेटकी योजना क्वचित पाहिली.

"रंगीत बल्बची माळ फ्री देतो," तो म्हणाला. "पाण्यात लई खुलतंय."

"नको. तसं एक कारंजं आमच्या घराण्यात आधीच आहे."

परत आले तेव्हा ऊन कललं होतं. दिवसभर पिंप फिरलं नव्हतं. आणि माझ्या फाटकासमोर टँकर उभा होता. टँकरच्या पाठीवर भाऊजींचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'जलसेवा'. ड्रायव्हर पाइप खांद्यावर घेऊन तयार.

"काकू, साहेबांनी पाठवलंय. हौद कुठाय?"

फाटकाच्या फटीतून हौद दिसत होता. पाणी गढूळ झालं होतं आणि मासे वर आले होते, तोंडं उघडी. कपाळावर लाल टिळा असलेला पांढरा मासा, जो भाऊजींना सगळ्यात आवडतो, अगदी काठाला लागला होता. निम्मं पाणी बदललं असतं तर माशांना तासाभरात बरं वाटलं असतं. हे भाऊजींना ठाऊक होतं. मलाही.

"मी मागवलेला नाही," मी म्हणाले.

"पैसे न्हाई घ्यायचे, काकू."

"म्हणूनच."

"मग मी पाणी कुठं सोडू? भरलेला टँकर परत न्हेला तर साहेब मला सोडतेल का?"

मी उत्तर द्यायच्या आधी समोरच्या काकू हंडा घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागं त्यांची सून, दोन घागरी. मग कोपऱ्यावरचं घर, मग त्याच्या पलीकडचं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी नळही येऊन गेला होता, सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या. पण आमच्या गल्लीत टँकर दिसला की हात आपोआप हंड्याकडं जातो, डोकं नंतर पोचतं. बघता बघता रांग लागली, आणि रांग लागली म्हणून भांडण लागलं, आणि भांडण लागलं म्हणून आणखी लोक आले.

"कुणाचा हाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"फोटो दिसत न्हाई का? यांच्या दिरांचा."

"फुकट?"

"जलसेवा लिहिलंय की."

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "साहेबांनी गल्लीसाठी पाठवलंय. सोड." त्याला एवढंच पाहिजे होतं.

मी आत जाऊन पाटावर बसले आणि पिंप फिरवू लागले. बाहेर हंडे आदळत होते, पाणी सांडत होतं, काकू सुनेला म्हणत होत्या की बादली विसरलीस का. मी फिरवत राहिले. हात भरून आला तेव्हा हात बदलला. भिंतीपलीकडून ड्रायव्हरचा फोनवरचा आवाज आला. "संपलं, साहेब. न्हाई, साहेब. हौदात न्हाई. गल्लीत."

अंधार पडेपर्यंत पाणी निवळलं नव्हतं, पण टिळ्याचा मासा काठ सोडून खाली गेला. मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी मोटर बसवली. जुनं छोटं चाक वायपरच्या दांड्यावर बसत नव्हतं, भोक मोठं होतं. चित्र घेऊन लेथवाल्याकडं गेले, मधे घालायला पितळी नळीचा तुकडा कातून आणला. पहिला सैल झाला, कारण माप मीच चुकीचं दिलं होतं, परत गेले. खिडकीच्या जुन्या गजाची पट्टी वाकवून मोटर टेकवली, ग्रीस भरलं, आणि वरून लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी उलटी घातली, शिंतोडे अडवायला. बॅटरी जोडली. नारळ फोडला नाही. बटण लावलं.

पिंप हललं. घाई नाही, आवाज नाही, फक्त एक हलकी घरघर, आणि कडं सरकत गेलं. दहा तोंडांना जसं फिरवत असेल तसंच. फवारा सुटला, जाळी धुतली गेली, धुवण केळीकडं गेलं. गोळा वर आला आणि मोटर थांबली. मी परत गोळा खाली दाबला. परत फिरलं. हे मी कितीदा केलं ते सांगत नाही, कारण माझ्या वयाला ते शोभत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भाऊजी आले. सोबत टेंपो, टेंपोत पाण्याची काळी टाकी, दोन माणसं आणि एक मोठी जाळी. गल्ली बाहेर आलीच. समोरच्या काकू पुढं होऊन म्हणाल्या, "भाऊजी, पाणी लई गोड होतं हो. असंच पाठवत जावा." मागून दोघातिघांनी दुजोरा दिला. भाऊजींनी हात जोडले, टँकरच्या पाठीवरच्या फोटोत जोडतात तसे. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग ते अंगणात आले आणि हौदाकाठी उभे राहिले. पाणी तळापर्यंत दिसत होतं. तेवढ्यात गोळा उतरला आणि पिंप फिरलं.

"हे काय हाय?" त्यांनी बरणीकडं बोट केलं.

"जीपचा वायपर. मधे काही दिवस रावण."

त्यांना कळलं नाही, आणि मी समजावलं नाही. टेंपोवाला जाळी घेऊन उभाच होता.

"वैनी, पत्रिकेत छापून गेलंय. मोठे पाहुणे यायलेत. माझी इज्जत काय राहती?"

"मी टँकर मागवला नाही, भाऊजी. गल्लीला विचारा. तुमचा टँकर कुणी प्यायला ते सगळ्यांना माहीत आहे."

"पर मासे छापलेत की."

"मग छापलेलेच दाखवा."

फाटकाशी उभ्या असलेल्या समोरच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. भाऊजी मला घाबरत नाहीत, पण गल्लीसमोर हसू होण्याला घाबरतात. त्यांनी माणसांना खूण केली. टाकी टेंपोतच राहिली. जाता जाता फाटकाशी थांबून म्हणाले, "पुढल्या वेळी मोटर गेली तर?"

"जिपा मोडीत निघायच्या थांबणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी मी उद्घाटनाला गेले. पाठ दाखवली असती तर ते जिंकले असते. पुढच्या रांगेत बसले, पैठणी नेसून. कारंज्यात प्लास्टिकचे मासे सोडले होते, आत दिवे असलेले, आणि ते कारंज्याच्या धारेनं गोल गोल फिरत होते. मोठ्या पाहुण्यांनी फीत कापली आणि भाषणात या जपानी माशांचा गौरव केला, मराठवाड्याच्या मातीत ते कसे रुळले याबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या प्लास्टिकच्या माशांतल्या एकाचंही पाणी बदलावं लागणार नव्हतं, हे खरंच होतं.

जेवण करून घरी आले तेव्हा वीज गेली होती. गल्ली काळोखात. फाटक उघडलं आणि अंगणात ती घरघर चालू होती. पैठणी सांभाळत पाटावर बसले आणि पिंप थांबेपर्यंत ऐकत राहिले. मग उठून उद्याचे दोन हंडे उघडे करून ठेवले.